कमळाबायचा दात आणि दामूची काच

कमळाबायने मूठ उघडून दामूच्या पुढ्यात धरली. हळदीने पिवळ्या झालेल्या तळहातावर एक दात होता. पांढरा, चकचकीत, आठच दिवसांपूर्वी याच दवाखान्यात तिच्या तोंडात बसवलेला.

"दामू, तुजा दात तुला परत आनलाय," ती म्हणाली.

ती हसली नाही. हसली असती तरी पदराआडूनच हसली असती, कारण वरच्या रांगेत ऐन मधोमध खिडकी उघडी पडली होती. दामूने दात घेतला, तिला बाकड्यावर बसवलं आणि पाणी दिलं. तिच्यामागून तिचा मुलगा केसरीनाथ गाडीची किल्ली बोटात फिरवत आत आला. बाकीची हकिगत त्याने सांगितली. आज संध्याकाळी कोन गावात त्यांच्या घरी भाविकाची हळद, उद्या लग्न. भाविका त्याची थोरली लेक. सकाळी मांडवात बायका जात्यावर हळद दळायला बसल्या, कमळाबायने आवाज लावला आणि पहिल्याच देवाचं नाव घेताना दात सुटून जात्याजवळ जाऊन पडला.

कमळाबाय धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात भटजी असो नसो, धवलारीण लागतेच. ती धवळे, म्हणजे लग्नविधींची गाणी, गाते, गाता गाताच विधी पार पाडते, आणि सगळ्यात आधी लग्नाचं आवतण देते. ते आवतण गावदेवीला, वेशीवरच्या देवाला, खाडीला आणि त्या घरातल्या गेलेल्या वाडवडिलांना, एकेकाचं नाव घेऊन. पन्नास वर्षं कोनपासून पडघ्यापर्यंत कमळाबायने किती मांडवांत ही नावं घेतली याची मोजदाद कुणी ठेवली नव्हती. दोन महिन्यांपूर्वी अशाच एका लग्नात मुंडावळ्यांच्या दोऱ्याची गाठ ती दाताने तोडायला गेली. गाठ शाबूत राहिली, दात अर्धा गेला. तेव्हापासून तिच्या नावांतून वारा वाहायला लागला, आणि 'स' आला की नुसतीच शीळ.

दुसऱ्या कुणाच्या लग्नात एक वेळ तिने ते चालवूनही घेतलं असतं. पण भाविकाच्या लग्नात वाडवडिलांमध्ये एक नाव नवीन यायचं होतं. कमळाबायचा नवरा तीन वर्षांपूर्वी गेला, आणि तो गेल्यानंतर त्या घरातलं हे पहिलंच लग्न. जन्मभर तिने नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. उखाण्यातसुद्धा ती 'केसरीनाथचे बाबा' म्हणून वेळ मारून न्यायची. धवळ्यात मात्र ते घ्यावंच लागतं, तिथे सुटका नाही. आणि नाव होतं हासुराम. नेमका मधेच 'स'.

"आये, मोबाईलवर सगले धवले हायेत," केसरीनाथने दामूसमोरच समजूत घातली. "डीजेवाला मोठ्या स्पीकरवर लावील. तू नुसती पाटावर बस."

"त्यात तुज्या बापाचा नाव हाय का?" कमळाबायने विचारलं.

केसरीनाथ कोनच्या नाक्यावरच्या दोन गोदामांचा मालक होता. रोज शंभर ट्रकवाल्यांना तो तोंडावर उत्तर देत असे. आईपुढे तो नुसती किल्ली फिरवत राहिला.

"देवाचा नाव अर्धा घेतला तं देव पन अर्धाच येल," ती दामूकडे वळून म्हणाली. "मना आज संध्याकाली अक्खा नाव पायजे. बाकी दात उद्या सगले गेले तरी चालतील."

दामू या दवाखान्यात एकतीस वर्षं होता. पेशंट त्याला कंपाउंडर म्हणत, शेजारच्या गल्लीतले यंत्रमाग चालवणारे लूमवाले 'छोटे डाक्टर' म्हणत, आणि दोन्हींत त्याला सारखाच आनंद वाटे. थोरल्या डॉक्टरांनी त्याला ठेवला तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता आणि काम एकच दिलं होतं, दातात भरायचं सिमेंट कालवायचं. जाड काचेच्या लादीवर पावडर आणि द्रव घेऊन स्पॅच्युलाने, म्हणजे चपट्या पात्याने, घोटायचं. नीट जमलं की स्पॅच्युला वर उचलताना त्याची बारीक तार निघते, बोटभर लांब, चमकणारी. पहिले तीन महिने त्याची तार तुटायची. थोरले डॉक्टर रागवत नसत. एकच शब्द बोलत, "परत." दामू काच पुसून परत कालवत असे. चौथ्या महिन्यात एकदा तार निघाली. त्या दिवशी डॉक्टरांनी काहीच म्हटलं नाही, फक्त हात पुढे केला आणि सिमेंट घेतलं. दामूने घरी जाऊन ही गोष्ट बायकोला, बकुळाला, इतक्या वेळा सांगितली की शेवटी तिने त्याला जेवायला वाढून गप्प केलं.

आता थोरले डॉक्टर नव्हते. त्यांची डॉक्टर मुलगी मृणाली खुर्चीजवळ उभी राहायची. मुलगी हुशार, हात हलका, पण तिचं सगळं सामान पिचकाऱ्यांत यायचं. टोक दातावर टेकवलं, दाबलं, निळा दिवा धरला, झालं. दामूचं काम उरलं होतं पाकिटं फाडून देण्याचं. दापोड्याच्या गोदामात सुपरवायझर असलेला त्याचा मुलगा म्हणायचा, बाबा, आता घरी बसा. दामू त्यावर बघू म्हणायचा आणि दुसऱ्या दिवशी वेळेआधी अर्धा तास दवाखाना उघडायचा.

मृणालीने कमळाबायला खुर्चीत घेतलं, तोंडात डोकावली आणि तिच्या कपाळाला आठी पडली. मग तिने तो सुटलेला दात, म्हणजे अर्ध्या दातावर बसवलेली सिरॅमिकची कॅप, दिव्याखाली धरली. आत चिकटवायला भरलेलं मटेरियल दगडासारखं टणक झालेलं असायला हवं होतं. तिने टोकाने खरवडलं तर ते शेंबडासारखं ओढलं गेलं. आठ दिवसांनी ओलंच.

"हे टणक व्हायलाच हवं होतं," ती स्वतःशीच म्हणाली. तिने कॅप दामूच्या हातात धुवायला दिली आणि फोन उचलून कल्याणच्या लॅबला लावला.

लॅबमध्ये विशाल होता. दातांच्या कॅप तोच बनवायचा आणि दर मंगळवारी स्वतः आणून द्यायचा. मृणालीचा आवाज चढत गेला. कॅप आतून नीट साफ केलेली नसणार, कडा बसत नसणार, उद्या लग्न आहे आणि आज ही वेळ, यापुढे काम दुसरीकडे द्यावं लागेल. पलीकडून विशाल शपथा घेत होता ते दामूला बेसिनपर्यंत ऐकू येत होतं.

दामूने नळ सोडण्याआधी कॅप सवयीने नाकाशी नेली. आणि पुन्हा एकदा नेली.

लवंग.

झालं होतं ते असं. कॅप लॅबमधून येईपर्यंत कोरलेल्या दातातला खड्डा तात्पुरत्या सिमेंटने भरून ठेवला होता. मधेच मृणाली दोन दिवस पुण्याला मैत्रिणीच्या लग्नाला गेली, आणि नेमकं तेव्हा ते सिमेंट पडलं. कमळाबाय गाल धरून आली. दामूने फोन केला. मृणालीने सांगितलं, काका, ट्यूबमधलं पांढरं भरा, दुसरं काही नको, मी आले की बघते. ट्यूब समोरच होती. पण कमळाबाय कळवळत होती आणि म्हणत होती, दामू, लवंग घाल रे, डाक्टर घालायचे तशी. आणि दुखऱ्या दातावर थोरल्या डॉक्टरांचा हुकमी इलाज तोच होता, जस्ताची पावडर आणि लवंगेचं तेल. दामूने काच काढली. खोटं कशाला सांगा, कित्येक महिन्यांनी काचेवर स्पॅच्युला फिरली तेव्हा त्याला आनंद झाला. दात अर्ध्या तासात शांत झाला, कमळाबायने त्याला आशीर्वाद दिला, आणि ट्यूबची गोष्ट तो विसरून गेला. पुढे मृणालीने ते सिमेंट खरवडून कॅप बसवली. तिला वास आला नाही, कारण तोंडाला मास्क होता, आणि त्या दवाखान्याच्या भिंतींतच एकतीस वर्षांची लवंग मुरलेली होती.

लवंगेने नेमकं काय बिघडतं ते दामूला माहीत नव्हतं, पण नको सांगितलेलं तेच आत होतं एवढं त्याला कळलं. नळ समोर होता. दोन मिनिटं पाण्याखाली धरली असती तर वास गेला असता आणि कुणाला काही कळलं नसतं. दामूच्या मनात तसं आलं, आणि ते आलं होतं हे त्याने पुढे बकुळालाही सांगितलं. पण विशालचा आवाज फोनमधून येत होता. तो आता शपथा घेत नव्हता, नुसता सॉरी मॅडम, सॉरी मॅडम म्हणत होता.

दामू कॅप घेऊन परत आला. पेशंटसमोर तो मृणालीला नेहमी मॅडम म्हणायचा. आज ते राहून गेलं.

"ताई, फोन ठेवा," तो म्हणाला. "विशालची चूक नाही. तुम्ही पुण्याला होता ना, तेव्हा मी ट्यूबमधलं नाही घातलं. लवंग घातली."

मृणालीने विशालला थांब म्हटलं आणि फोन खाली केला. केसरीनाथची किल्ली थांबली.

"काका, मी सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतं."

"मग?"

"बाईला बरं वाटेल असं वाटलं," दामू म्हणाला, आणि मग उरलेलंही सांगून टाकलं. "आणि मलाही कालवायचं होतं."

खुर्चीतून कमळाबायने हात वर केला. "वाटला ना मना बरा. दोन दिस झोप लागली. त्याला नको बोलू गो पोरी, लवंग मीच मागलेली."

मृणाली स्टुलावर बसली. तिला राग आला होता, तो चेहऱ्यावर दिसतही होता, पण तो कुणावर काढावा हे तिचं ठरेना. मग दवाखाना हाती घेतल्यापासून दोन वर्षांत तिने जे कधी केलं नव्हतं ते केलं. तिने दामूला कारण सांगितलं. लवंगेचं तेल दातात मुरतं, वरून कितीही खरवडलं तरी थोडं राहतं. आपलं नवीन मटेरियल दिव्याने टणक होतं, पण जिथे हे तेल असेल तिथे ते टणक होतच नाही. वरून कॅप छान बसलेली दिसते आणि खाली सगळं उघडं असतं, लाळ आत जाते, एक दिवस कॅप हातात येते.

"हे मला माहीत असतं तर लवंगेच्या बाटलीला हात लावला नसता," दामू म्हणाला.

"खरंय. नको एवढंच मी सांगितलं, का नको ते सांगितलंच नाही," ती म्हणाली. तिने फोन वर घेतला आणि विशालची माफी मागितली. नीट मागितली, दोनदा. विशालला ते इतकं अनपेक्षित होतं की पुन्हा त्यानेच सॉरी म्हटलं.

एवढं झालं तरी दात हातातच होता. मृणालीने तोंडातला अर्धा दात परत घासायला घेतला, स्पिरिटने पुसला, पण तिचा भरवसा बसेना. त्याच मटेरियलने बसवायचं तर आठ-दहा दिवस थांबलेलं बरं, असं ती म्हणाली. आठ-दहा दिवसांनी भाविका सासरी पहिला सण करत असणार. केसरीनाथने हळूच मोबाईल बाहेर काढला. कमळाबायने ते पाहिलं. ती खुर्चीच्या हाताला धरून उठायला लागली. दामूला ते बघवेना.

"बसा आजी," मृणाली अचानक म्हणाली. तिने कॅप पुन्हा दातावर टेकवून पाहिली, हलवून पाहिली. बसत तर घट्ट होती, विशालचं काम चोख होतं. "काका, कंपनीवाल्याने दिलेलं ग्लास आयोनोमर सिमेंटचं खोकं आहे ना? पावडर आणि लिक्विडवालं? त्याला लवंगेचं एवढं वावडं नाही. कॅप तशीही स्वतःच्या पकडीवर बसेल, तेवढं सिमेंट पुरे."

खोकं होतं. न फोडलेलं, तारीखही शिल्लक असलेलं. दामूने ते कपाटातून काढून ठेवलं.

"पण ते काचेवर कालवावं लागतं," ती म्हणाली, "आणि काच गार हवी. मला कॉलेजात एकदाही नीट जमलं नाही. परीक्षेला तिथल्या शिपाईमामांनी कालवून दिलं म्हणून पास झाले."

दामूने फ्रिजचं दार उघडलं. खालच्या खणात, त्याच्या ताकाच्या बाटलीशेजारी, जुन्या टॉवेलात गुंडाळलेली काच होती.

"ही इथे कधीपासून?" मृणालीने विचारलं.

"रोज असते," दामू म्हणाला. "जाताना ठेवतो, सकाळी पुसतो."

मृणाली कमळाबायच्या ओठाखाली कापूस लावायला वळली.

दामूने हात धुतले, काच कोरडी केली, पावडर मोजून घेतली, थेंब पाडले. या सिमेंटला अर्धं मिनिट मिळतं. त्याहून जास्त घोटलं की चमक जाते, आणि चमक गेली की पकड गेली. त्याने निम्मी पावडर ओढली, घोटली, उरलेली ओढली. मनगट तेच होतं. अठ्ठावीस... एकोणतीस... त्याने स्पॅच्युला उचलली. तार निघाली. बोटभर लांब, चमकदार, दिव्याखाली क्षणभर तशीच राहिली. केसरीनाथसुद्धा वाकून बघत होता.

मृणालीने फक्त हात पुढे केला.

कॅप बसली. दहा मिनिटं तोंड मिटून बसायचं होतं. आई एवढा वेळ गप्प बसलेली आपण जन्मात पाहिली नाही, याचा पण कुणीतरी व्हिडिओ काढा, असं केसरीनाथ म्हणाला, आणि कमळाबायने मिटल्या तोंडाने त्याच्या हातावर चापट मारली. मृणालीने पथ्य सांगितलं. दोन तास काही खायचं नाही, आज कडक काही चावायचं नाही, गायला हरकत नाही, आणि यापुढे गाठी कात्रीने कापायच्या. खुर्चीतून उतरताना कमळाबायने दामूला दमच भरला की संध्याकाळी बायकोला घेऊन आला नाहीस तर बघ. मृणालीलाही तोच दम मिळाला.

उन्हं कलता कलता दामू, बकुळा आणि मृणाली कोनला पोचली. मांडवात अर्धं गाव होतं, डीजेच्या स्पीकरच्या भिंती मांडवाच्या खांबांपेक्षा उंच होत्या आणि पोरं हळदीने माखून नाचत होती. बकुळा कानांवर हात ठेवून बसली. मग कमळाबाय नवं लुगडं नेसून बाहेर आली, पाटावर बसली आणि तिने फक्त एकदा डीजेकडे पाहिलं. केसरीनाथने स्वतः जाऊन वायर काढली.

कमळाबायने आवाज लावला. दामूला धवळ्यातलं काही कळत नव्हतं, तो दातच ऐकत होता. गावदेवी आली, वेशीवरचा देव आला, खाडी आली. एकेक नाव सरळ निघत होतं. मग वाडवडील सुरू झाले. पणजे, आजे, चुलते. आणि कमळाबाय थांबली. भोवतीच्या बायकांना वाटलं दम लागला. दामूला वाटलं गेली कॅप. त्याने बकुळाचा हात इतका घट्ट धरला की तिची बांगडी पिचली.

कमळाबायने डोळे मिटले आणि नाव घेतलं. हासुराम. अक्खं, बिनवाऱ्याचं, मांडवाच्या शेवटच्या खांबापर्यंत. भाविकाने चमकून आजीकडे पाहिलं, कारण आजोबांचं नाव आजीच्या तोंडून तिने कधी ऐकलं नव्हतं. धवळ्यात नाव एकदाच घ्यायचं असतं. कमळाबायने ते तीनदा घेतलं, आणि तिसऱ्यांदा घेताना ती हसत होती, पदर न घेता. केसरीनाथ डीजेच्या खोक्यामागे जाऊन वायर शोधत राहिला. ती त्याच्या हातातच होती.

"तुम्हाला काय झालं?" बकुळाने दामूला विचारलं.

"काही नाही," दामू म्हणाला. "बसली नीट."

सोमवारी तो नेहमीप्रमाणे अर्धा तास आधी आला. दवाखाना उघडा होता. त्याने ताक ठेवायला फ्रिज उघडला तर काच जागेवर नव्हती. आत मृणाली ट्रेसमोर उभी होती. काच पुसून ठेवलेली, पावडर मोजलेली, थेंब पाडलेले. तिने त्याच्याकडे न बघताच घोटायला सुरुवात केली. फार जोरात घोटत होती. दामू पिशवी खांद्याला तशीच ठेवून शेजारी उभा राहिला. तिने स्पॅच्युला उचलली. तार नखाएवढी निघाली आणि तुटली.

मृणालीने त्याच्याकडे पाहिलं.

दामूने टॉवेल तिच्या हातात दिला.

"परत," तो म्हणाला.